मशीन लागलं की येतो

किल्लीकाका आले की मला जिन्यातच कळतं. त्यांच्या जुडग्यात सात किल्ल्या आणि एक पेन ड्राइव्ह, आणि पायऱ्या चढताना तो जुडगा मांडीवर आपटत येतो. आमच्या छापखान्यात दुसऱ्या कुणाचं येणं इतकं वाजत नाही. मॅनेजरबाई तर चोरपावलांनी येतात, आणि मी दचकले की वर मलाच म्हणतात, "अगं, मी आहे, मी."

आमचा छापखाना अंधांसाठी उठावाच्या ठिपक्यांची पुस्तकं छापतो. माझं काम मुद्रितशोधनाचं. छापून आलेल्या पानावरून बोटं फिरवायची आणि चुका पकडायच्या. मी जन्मापासून आंधळी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर कळलं की लोक चुकचुकतात आणि चुकचुकणं ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. इथे मला ठिपकेबाई म्हणतात. त्याला माझी हरकत नाही.

खोली एकच आणि लांबट. एका टोकाला माझं टेबल, मागे जिन्याचं दार. दुसऱ्या टोकाला ठिपके उठवणारं यंत्र. ते चालू झालं की जमीन हादरते आणि त्या टोकाला बोलणं बंद होतं. मधोमध, माझ्यापासून सहा पावलांवर, एक कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर किल्लीकाका. अकरा वर्षं ते त्याच खुर्चीत आहेत. खुर्चीचं एक चाक कुरकुरतं. किती वेळा सांगितलं तेल घाला म्हणून, पण नाही.

या कॉम्प्युटरची गंमत अशी की त्याच्या पोटात दोन संसार आहेत. कुणीतरी तो देणगीत दिला तेव्हा त्यात नेहमीची ऑफिसातली प्रणाली होती. पत्रं, मजकुराची जुळणी, सगळं तिच्यात. पण आमच्या यंत्राला हुकूम देणारा प्रोग्रॅम लिनक्स नावाच्या वेगळ्याच प्रणालीवर लिहिलेला. तो लिहिणारा इंजिनिअर कधीच देश सोडून गेला, आणि यंत्र दुसऱ्या कुणाचं ऐकायला तयार नाही. मग किल्लीकाकांनी त्याच पेटीत शेजारी लिनक्स बसवलं. कॉम्प्युटर चालू करताना ठरवायचं, आज कुणाला उठवायचं. एका घरात दोन जावा, एक चूल. किल्लीकाका पहिलीला थोरली म्हणायचे, लिनक्सला धाकटी. एकीच्या हातात चूल असली की दुसरी झोपलेली.

आणि धाकटीला उठवणं फक्त किल्लीकाकांना जमायचं.

दुसऱ्या कुणी बटण दाबलं की थोरलीच उठायची. दहा वेळा दाबा, दहा वेळा थोरली. मॅनेजरबाईंनी हात टेकले होते. काका खुर्चीत बसले की दोन मिनिटांत धाकटी हजर, आणि पाचव्या मिनिटाला यंत्र ठोकायला लागायचं. "यांच्या हातालाच गुण आहे," असं मॅनेजरबाई पाहुण्यांना सांगायच्या. काका काही बोलायचे नाहीत. चहा मात्र पहिला त्यांच्या टेबलावर यायचा आणि तो ते आवाज करत प्यायचे.

काकांचं लग्न झालेलं नाही. माणूस म्हणून त्यांना एकच, त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची आणि हे चार. तिनेच यांना न्हाऊमाखू घातलं, पाटीवर हात धरून अक्षरं गिरवून घेतली, स्वतःचं लग्न यांच्या शिक्षणापायी लांबवत लांबवत शेवटी राहूनच गेलं. ती दुसऱ्या गावी राहते, इथून दीड दिवसाच्या प्रवासावर. शेजारच्या घरातली सून तिचं बघते. रोज दुपारी एक वाजता काका जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तिला फोन लावतात. ती पायरी माझ्या पाठीशी चार हातांवर आहे. माझे कान मी घरी ठेवून येत नाही, त्यामुळे ते बोलणं मला पाठ आहे.

"जेवलीस का, ताई?"

पलीकडून काहीतरी.

"येतो गं. मशीन लागलं की येतो."

वर्षानुवर्षं हेच. यंत्र एकदा मार्गी लागलं, पुस्तकांचा हा गठ्ठा एकदा निघाला, की येतो. ताईला भावाचा फार अभिमान. छापखान्याचा डोलारा आपला भाऊ एकटा सांभाळतो, असं ती सगळ्या गल्लीला सांगायची. काका ते मला हसत सांगायचे.

मग फोन लांबायला लागले. "आत्ताच सांगितलं ना, ताई," असं काका म्हणायला लागले. मग ते म्हणणंही थांबलं आणि ते एकच उत्तर तीनतीनदा देऊ लागले, आवाज न चढवता. एकदा ती दूध गॅसवर ठेवून बाजारात गेली आणि घर विसरली. शेजारच्या सुनेने डॉक्टरकडे नेलं. त्या दुपारी काका फोन ठेवल्यावर पायरीवरून उठलेच नाहीत. जुडग्यातल्या किल्ल्या एक एक करून सरकवत राहिले. त्यांना काही सुचेनासं झालं की ते असं करतात.

मी विचारलं, "काय झालं, काका?"

"डॉक्टर म्हणाले, यायचं असेल तर आत्ताच या. अजून दोन-तीन महिने ओळखेल. पुढचं सांगता येत नाही."

"मग जा ना! बसलात कशाला?"

"जातो. महिन्याची सुट्टी टाकतो."

सुट्टी मिळालीही. मॅनेजरबाई वाईट नाहीत, फक्त घाबरट आहेत. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि लगेच विचारलं, "पण काका, मशीन?" काकांनी एका कागदावर लिहून दिलं: बटण दाबा, एक बारीक टूक वाजलं की डाव्या कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबा. कागद पडद्याला चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच काका बसस्टँडवर गेले.

सकाळी मॅनेजरबाई खुर्चीत बसल्या. मी ऐकत होते. टूक झालं आणि बाईंनी ती कळ धडाधड दहा वेळा दाबली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "सगळं काळं झालं. वर एक शब्द आहे आणि पुढे एक बाण. बाकी काही नाही." त्यांनी काकांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. काकांच्या मागे बसचा आवाज होता.

"कळ एकदाच दाबायची होती, बाई. जास्त दाबली की ते तिथे जातं. आता बाणापुढे नॉर्मल असं टाइप करा."

"नॉर्मल? अहो काका, इथे काही एक नॉर्मल नाहीये!"

"तो हुकूम आहे, बाई. टाइप करा, एंटर मारा, आणि लगेच कळ एकदा..."

बाईंनी टाइप केलं, कळ चुकली, थोरली उठली. पुन्हा बंद, पुन्हा टूक, पुन्हा धडाधड, पुन्हा बाण. तासभर हेच. बाई रडकुंडीला आल्या. अंधशाळेतल्या मुलांची परीक्षा पंधरा दिवसांवर, पुस्तकं अर्धीच छापलेली. बाराच्या सुमाराला बसचा आवाज थांबला. काका पुढच्या थांब्यावर उतरले होते. संध्याकाळी जिन्यात किल्ल्या वाजल्या. ते खुर्चीत बसले, चाक कुरकुरलं, आणि दोन मिनिटांत धाकटी उठली. मॅनेजरबाईंचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा निघाले. यंत्र त्यांनी चालू करूनच ठेवलं होतं, कुणी बंद करू नका असं बजावून. दुसऱ्या दिवशी वीज गेली. वीज आल्यावर थोरली उठली आणि तिने स्वतःचं अपडेट करून घेतलं. असं झालं की ती स्वतःला यादीत पहिली लावून घेते. मग टूक झाल्यावर कळ दाबा नाहीतर डोकं आपटा, धाकटीचं नाव निघत नाही. पेन ड्राइव्ह लावून, त्यातून कॉम्प्युटर चालू करून धाकटीला पुन्हा यादीत बसवावं लागतं. पेन ड्राइव्ह काकांच्या जुडग्यात होता. काका निम्म्या वाटेवरून परत आले.

तिसऱ्या वेळी ते स्टँडपर्यंतही पोचले नाहीत. मॅनेजरबाईंनी आदल्या दिवशी एक पत्र लिहून थोरलीला नीट बंद न करता तसंच झोपवलं होतं. अशी अर्धवट झोपली की ती पुस्तकांच्या फायलींचा सामाईक कप्पा कवटाळून बसते. धाकटी उठायला गेली, कप्पा मिळेना, आणि अर्ध्यातच पासवर्ड मागत थांबली. काका आले, थोरलीला उठवून नीट निजवलं, मग धाकटी आली. तोवर बस गेली होती.

त्या दुपारी एक वाजता फोनवर ताईने विचारलं, "कोण बोलतंय?"

हे काकांनी मला नंतर सांगितलं, पलीकडचं मला ऐकू आलं नाही. काकांचं उत्तर ऐकू आलं. त्यांनी आपलं घरचं नाव सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग म्हणाले, "तुझा भाऊ गं." मग, "हो हो, तोच. मशीन लागलं की येतो."

फोन ठेवून ते माझ्या टेबलाशी आले. किल्ल्या वाजत नव्हत्या, जुडगा मुठीत गच्च धरलेला असावा.

"बाई, मला कोंडल्यासारखं होतंय," ते म्हणाले. "या खोलीला दार आहे, जिना आहे, खाली रस्ता आहे. आणि मला बाहेर पडता येत नाही."

मला खरं तर वाईट वाटलं. पण मला वाईट वाटलं की मी चिडते.

"काका, रोज सकाळी तुम्ही बटण दाबता. पंखा फिरतो. टूक होतं. तुम्ही मनात दोन मोजता, डाव्या कोपऱ्यातली कळ एकदा दाबता, दोनदा बाणाची वरची कळ, मग एंटर. अकरा वर्षं ऐकतेय मी. हे मला का नाही शिकवलंत?"

त्यांनी समोरचं स्टूल ओढलं.

"सांगा ना."

"तुम्हाला पडदा कसा दिसणार, बाई?"

"मॅनेजरबाईंना दिसतो ना पडदा? काय दिवे लावले त्यांनी?"

ते हसतील असं वाटलं होतं. ते समोरच्या स्टुलावर बसले आणि किल्ल्या सरकवायला लागले. सातही किल्ल्या झाल्या, पुन्हा पहिलीपासून सुरुवात झाली. मग ते जे बोलले ते मी आजवर मॅनेजरबाईंना सांगितलेलं नाही.

"त्या पडद्यावर एक यादी येते, बाई. दोघींची नावं. बाणाने निवडायचं, एंटर मारायचं. कुणालाही जमेल. यादी मीच लपवून ठेवली आहे."

"म्हणजे?"

"पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या मॅनेजरांनी चुकीचं नाव निवडलं आणि सगळ्यांसमोर मला झापलं. म्हटलं, कुणाला दिसायलाच नको. एका फायलीत एक आकडा असतो, यादी किती सेकंद दाखवायची त्याचा. तो मी शून्य केला आणि यादी झाकून टाकली. बरोब्बर वेळेला कळ दाबली तरच दिसते. वाटलं होतं, महिनाभराने पुन्हा उघडू."

"आणि?"

"मग सगळे म्हणायला लागले, यांच्या हाताला गुण आहे." एक किल्ली सरकली. "बाई, मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. ताई सोडून."

मी काही चांगली बाई नाही. माझ्या तोंडावर आलं होतं, की एका आकड्यापायी तुम्ही स्वतःला कोंडून घेतलंत आणि किल्ली कंबरेला लावून फिरताय. पण मी ते गिळलं. एवढंच म्हटलं, "किती वेळ लागतो तो आकडा बदलायला?"

"एक मिनिट."

"मग उठा."

चाक कुरकुरलं. खरंच एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आता यादी तीस सेकंद थांबते. पण मला यादी आली हे कळणार कसं, याचा काकांनी विचार केला आणि त्यांच्या आवाजात खूप दिवसांनी जान आली. यादी आली की छोटा सूर वाजवायची सोय त्याच फायलीत आहे म्हणे. अकरा वर्षांत त्यांना कधी तिची गरजच पडली नव्हती. दोन सूर, एक खालचा, एक वरचा. सूर वाजला की दोनदा वर, एंटर. मी दहा वेळा केलं, दहा वेळा धाकटी उठली. मॅनेजरबाई चोरपावलांनी मागे येऊन उभ्या होत्या.

"पण ठिपकेबाई, काही बिघडलं तर पडद्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला कसं कळणार?"

"तुम्हाला तरी कुठे कळतं?" मी म्हटलं. काका हसले. मॅनेजरबाईही हसल्या, त्यांचा मोठेपणा.

पुढचे तीन दिवस काकांनी मला बिघाड शिकवले. पेन ड्राइव्हमधल्या लिनक्सला बोलता येतं, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं. त्यांनी कॉम्प्युटरला अशी सवय लावून दिली की पेन ड्राइव्ह खोचलेला असला तर आधी त्यातूनच चालू व्हायचं. सूर वाजला नाही आणि थेट थोरली आली तर काय, अर्ध्यात अडकलं तर काय, बाण आला तर काय. ते मुद्दाम बिघडवायचे आणि हात खिशात घालून बसायचे. मी चुकले की किल्ल्या खिशातल्या खिशात वाजायच्या, पण माणूस उठला नाही. सगळं मी ठिपक्यांत लिहून काढलं, चार जाड पानं, आणि कॉम्प्युटरच्या बाजूला दोऱ्याने बांधली.

चौथ्या दिवशी काकांनी जुडग्यातून पेन ड्राइव्ह काढला. कडी घट्ट झाली होती, नखाने उघडताना त्यांना वेळ लागला. तो माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "फोन करा हं, काही झालं तर."

"मुळीच करणार नाही," मी म्हटलं. "जा तुम्ही."

किल्ल्या जिन्यावरून खाली गेल्या.

दुसऱ्याच दिवशी सूर वाजला नाही. पंखा, टूक, आणि थेट थोरलीची ओळखीची धून. मॅनेजरबाईंनी फोन उचलल्याचं मला ऐकू आलं. मी म्हटलं, "ठेवा तो खाली." पेन ड्राइव्ह खोचला, कानाला हेडफोन लावले, पानांवरून डावं बोट फिरवत उजव्या हाताने टाइप करत गेले. एका हुकमात एक अक्षर चुकलं, पुन्हा केलं. पाऊण तासाने बंद करून चालू केलं. दोन सूर. खालचा, वरचा. दहा मिनिटांत जमीन हादरायला लागली. मॅनेजरबाईंनी चहा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि मी तो आवाज करत प्यायले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता माझा फोन वाजला. काका होते. मी उठून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले, का ते माहीत नाही.

"पोचलात?"

"काल पोचलो."

"भेटली ताई?"

"भेटली. दार तिनेच उघडलं." आवाज अगदी हळू होता. "मला म्हणाली, कोण पाहिजे तुम्हाला? मला अहोजाहो करतेय, बाई."

ते सावकाश सांगत गेले. त्यांनी आपलं नाव सांगितलं. ती म्हणाली, हे तर माझ्या भावाचं नाव. तो मोठ्या छापखान्यात असतो. यायचाय तो. मशीन लागलं की येणार आहे. मग तिने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि खुर्ची दाराशी ओढून रस्त्याकडे तोंड करून बसली. आजही सकाळपासून तिथेच आहे. ते शेजारी बसलेत.

"तिला बाकी काही आठवत नाही," काका म्हणाले. "पाटी नाही, आई नाही, घर नाही. तेवढं एक वाक्य राहिलंय. माझंच."

मी भिंतीला डोकं टेकलं. दोन महिन्यांपूर्वी ते पहिल्यांदा निघाले तेव्हाच मी तोंड उघडलं असतं तर. अकरा वर्षं ऐकत होते मी, सगळं पाठ होतं मला. कुणी विचारलं नाही म्हणून मीही ताठ्यात बसून राहिले.

"कोणाचा फोन आहे?" पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, खणखणीत.

"छापखान्यातून आहे," काका म्हणाले.

"द्या इकडे." फोन हातातून हातात गेला. "हॅलो? छापखाना का? अहो, लागलं का ते मशीन?"

माझ्या मागे यंत्र ठोकत होतं. मी फोन थोडा त्या बाजूला धरला आणि म्हटलं, "लागलं, ताई. ऐका."

तिने ऐकलं. मग तिचा आवाज असा काही फुलला की मला सहन होईना.

"मग निघालाच असेल तो," ती मला म्हणाली. आणि फोन बाजूला करून शेजारच्या माणसाला म्हणाली, "ऐकलंत का? निघाला हो माझा भाऊ. तुम्ही थांबा, भेटूनच जा."

"थांबतो," काका म्हणाले.

पलीकडे एक एक किल्ली सरकायला लागली. मी फोन ठेवला नाही.